पडला का पाडलास?

नागावला आमच्या वाडीत हापूसची सात कलमं होती आणि दर वर्षी ती मक्त्याने दिलेली असत. एकदा मक्ता झाला की झाडावरचा आंबा मक्तेदाराचा आणि खाली पडलेला घरच्या पोरांचा, असा रिवाज होता. वैशाखात पहाटे धप्प असा आवाज आला की आम्ही भावंडं अंथरुणातून उठून पळायचो. आंबा घेऊन घरात आलं की आजीचा एकच प्रश्न असे: "पडला का पाडलास?" उत्तराची ती वाट बघत नसे. आंबा उलटा करून देठाशी अंगठा फिरवायची. पिकून आपसूक पडलेल्या आंब्याचा देठ कोरडा असतो. दगड मारून पाडलेल्या आंब्याच्या देठातून चीक येतो, अंगठ्याला चिकटतो, सालीवर ओघळतो. एका संध्याकाळी मी "पडला" म्हणालो आणि तिचा अंगठा ओला झाला. ती रागावली नाही. तो आंबा तिने माझ्याच हातात ठेवला आणि मक्तेदाराच्या खोपीत नेऊन द्यायला लावला. ते पन्नास पावलांचं अंतर मला अजून आठवतं.

आज हे सांगायला कारण झालं ते एका शब्दाचं. परवा मांडव्याच्या जेटीवर कॉलेजातल्या दोन मैत्रिणी बऱ्याच दिवसांनी भेटल्या. एक म्हणाली, "अगं, बाय चान्स आले मी आज." दुसरी म्हणाली, "काय कोइन्सिडन्स!" हे दोन्ही शब्द आता मराठी घरांत इतके मुरलेत, की त्यांना परके म्हणण्यात अर्थ नाही. पण ते काय बोलतात ते ऐकायला हवं.

चान्स हा शब्द लॅटिनमधल्या 'पडणे' या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. फासा कसा पडतो, तो चान्स. कोइन्सिडन्स त्याच धातूचा, म्हणजे दोन गोष्टी एकत्र येऊन पडणं. अ‍ॅक्सिडेंटही त्याच घरातला: अंगावर येऊन पडतो तो अ‍ॅक्सिडेंट. एवढंच नव्हे, सरकारी नोकरीतली कॅज्युअल लीव्ह आणि दवाखान्यातली कॅज्युअल्टी, या दोघींच्या मुळाशीही तेच पडणं आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला आज यातलं काहीच ऐकू येत नाही. शब्द नाणी होऊन बसले, त्यांवरचा ठसा झिजला.

मराठीत तो ठसा अजून ताजा आहे, कारण आपण आकस्मिकपणा नामांपेक्षा क्रियापदांत ठेवला. गाठ पडते, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, पेच पडतो, माणूस आजारी पडतो, सोंगट्यांचं दान पडतं. जे आपण करत नाही, आपल्याला होतं, त्याला 'पडणे'. त्याची जोडीदारीण 'लागणे': ठेच लागते, लॉटरी लागते, जाळ्याला मासळी लागते, निकाल लागतो. आणि सापडणे, ज्यात 'पडणे' ऐकूच येतं. 'मी शोधलं' म्हणताना कर्ता मी असतो. 'मला सापडलं' म्हणताना ती वस्तूच कर्ता होते आणि मी नुसता हात पुढे केलेला. शाळेत व्याकरण शिकवताना हे सांगत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आपल्या भाषेने जगातल्या घडामोडींची केवढी मोठी वाटणी या तीन क्रियापदांत करून ठेवली आहे!

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. संस्कृतातला काकतालीय न्याय तो हाच: कावळा ताडावर येऊन टेकला आणि त्याच क्षणी ताडगोळा गळून पडला. पण मला त्याहून 'बोलाफुलाला गाठ पडणे' जवळचं वाटतं. कोकणात देवळात कौल लावतात ते ज्याने पाहिलं असेल, त्याला हा वाक्प्रचार डोळ्यांसमोर दिसेल. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवलेल्या, समोर घरचा माणूस हात जोडून आपलं गाऱ्हाणं सांगतोय, आणि बोलता बोलता उजवीकडची कळी सुटून पडते. गाभाऱ्यात कोणी श्वासही घेत नाही. फासा, ताडगोळा, कळी, आंबा, सगळे पडणारेच.

नशिबाचं मात्र वेगळं. नशीब हा अरबी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ वाटा. किस्मतही अरबी, तिच्या मुळाशीही वाटणीच आहे. आपलं भाग्य हे तर सरळ 'भाग'वरून आलेलं. म्हणजे अरबस्तानात आणि आपल्याकडे, समुद्राच्या दोन्ही काठांना, माणसाने नशिबाकडे पाहिलं ते वाटणीच्या नजरेने. आमच्या किनाऱ्यावर हे समजावून सांगावं लागत नाही. रेवदंड्याच्या बाजारात कोळीण फळीवर मांदेलीचे, करंदीचे वाटे मांडून बसते. बोट आली की बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, खलाशांचा वाटा होतो. दर्याने किती दिलं ते कोणाच्या हातात नसतं. वाटे समान घातले की नाहीत, हे मात्र हातात असतं, आणि बंदरावर भांडण होतं ते दुसऱ्या गोष्टीवरून.

आता आमच्या कलमांशी नातं सांगणारा इंग्रजी शब्द. विंडफॉल म्हणजे वाऱ्याने पडलेलं. फळ असो वा लाकूड, वाऱ्याने पाडून दिलं आणि फुकट मिळालं. पुढे घबाड असा त्याचा अर्थ रूढ झाला. आपल्या सरकारने जुलै २०२२ मध्ये तेल कंपन्यांवर बसवलेल्या कराला वर्तमानपत्रांनी विंडफॉल टॅक्सच म्हटलं. तो डिसेंबर २०२४ मध्ये उठला. ज्या देशात हा शब्द झाला तिथे वारा सफरचंद पाडत असेल. आमच्याकडे ३ जून २०२० ला वारा आला त्याचं नाव निसर्ग. दुपारी तो अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढला, ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने, आणि मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांतून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मी श्रीवर्धनला एका ओळखीच्या वाडीत गेलो होतो. सुपारीच्या वाडीत एरवी दुपारीही सावली इतकी गार असते, की अंगावर काटा येतो. त्या दिवशी तिथे डोक्यावर उघडं आभाळ होतं. पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडल्या होत्या, माड मुळासकट उपटून पाटावर आडवे झाले होते, आणि पोफळीच्या आधाराने वाढलेल्या मिरीच्या वेली त्यांच्यासोबत जमिनीवर आल्या होत्या. वाडीचे मालक सत्तरीचे. ते म्हणाले, "ही आजोबांनी लावलेली. मी आता लावली तर खाणार कोण?" सुपारी धरायला सहा-आठ वर्षं लागतात. सरकारी कागदात या सगळ्याला 'पडझड' असा शब्द होता. तो चुकीचा नाही, आणि तिथे दुसरा काय लिहिणार. पण वाऱ्याने पडलेलं म्हणजे घबाड असं मानणारा शब्द मी तेव्हापासून वापरू शकलेलो नाही. शब्द एका हवामानात वाढतो आणि दुसऱ्या हवामानात त्याचा अर्थ उलटतो.

समुद्राच्या शब्दांकडे वळू. इंग्रजांच्या सागरी कायद्यात वाहून आलेल्या मालाची नावं ठरलेली आहेत. जहाज फुटून जे आपसूक तरंगत आलं ते फ्लोट्सम. जहाज हलकं करायला खलाशांनी मुद्दाम पाण्यात टाकलं ते जेट्सम. एकाच्या मुळाशी तरंगणं, दुसऱ्याच्या मुळाशी फेकणं. वाळूवर पडलेली पेटी दोन्ही वेळा एकच दिसते, तरी ती गेली की टाकली हे कायद्याला विचारावंच लागतं. आजीचा प्रश्न लंडनच्या कोर्टातही होता तर.

आमच्या किनाऱ्याला काय काय लागलं! अलिबागजवळ नवगावला, बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार, फार पूर्वी एक जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचून किनाऱ्याला लागल्या. त्यांची प्रजा या जिल्ह्यातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवते म्हणून शनवार तेली या नावाने ओळखली गेली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. गावांची ही नावं ते पुढे इस्रायललाही घेऊन गेले.

अलीकडची गोष्ट १८ ऑगस्ट २०२२ ची. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली. सोळा मीटर लांब, नाव लेडी हान, आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. माणूस एकही नाही. दिवस गोकुळाष्टमीचा, दुसऱ्या दिवशी दहीहंडी. जिल्हाभर नाकाबंदी झाली. हे घाबरणं कोणाला अवास्तव वाटत असेल तर त्याने नकाशा बघावा: हरिहरेश्वर आणि शेखाडी एकाच तालुक्यात आहेत, आणि शेखाडीला १९९३ च्या फेब्रुवारीत बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरवली गेली होती. उतरली नव्हती. उतरवली होती. एकदा असा 'व' एखाद्या किनाऱ्याच्या वाट्याला आला की पुढे तिथे काहीही नुसतं 'लागत' नाही.

लेडी हान लागली त्याच दिवशी विधानसभेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी माहिती दिली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं, खलाशांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं, समुद्र खवळलेला म्हणून बोट ओढून नेता आली नाही. ती वाहत वाहत आमच्याकडे आली. म्हणजे इंजिन पडलं ते बंद, माणसांनी बोट सोडली ती जीव वाचवायला, आणि वाऱ्यापाण्याने तिला लावलं हरिहरेश्वरला. एकाच प्रसंगात पडणं, सोडणं, लागणं तिन्ही.

इथल्या कोळ्यांना भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगता येते. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा: सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं. लेडी हान आली ती भांगाच्या दिवसांत. भरती कधी येणार याचं गणित आमच्या तोंडी आहे. ती काय घेऊन येणार याचं नाही. पुढच्याच वर्षी ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं येऊन पडली, तीही एका गावाला नव्हे.

दिवेआगरबद्दल लिहायला बसलो की हात जड होतो. १७ नोव्हेंबर १९९७ ला एका नारळ-सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने. तो दिवस संकष्टीचा होता. संकष्टी दर महिन्याला येते, तेव्हा कुठलीही गोष्ट संकष्टीला घडण्याची शक्यता तिसात एक. तरीही ज्या गावात ते घडलं तिथे हा हिशेब कोणी मांडला नाही आणि मीही त्यांना मांडायला सांगणार नाही. योगायोग या शब्दात 'योग' आहे, जुळणं आहे. इंग्रजी कोइन्सिडन्समध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी पडतात. आपल्या योगायोगात त्या जोडल्या जातात.

अशा सापडण्याला हल्ली सेरेंडिपिटी म्हणायची पद्धत पडली आहे. या शब्दाची जन्मतारीख माहीत आहे: २८ जानेवारी १७५४. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने एका पत्रात तो घडवला, सेरेंदीपच्या तीन राजपुत्रांच्या फारसी कथेवरून. सेरेंदीप म्हणजे लंका. सिंहलद्वीप या आपल्या नावाचं अरब खलाशांच्या तोंडी सरंदीब झालं, ते फारसीतून इटलीत आणि तिथून लंडनला पोचलं. वॉलपोलने मात्र नुसत्या नशिबाला हे नाव दिलं नव्हतं. ते राजपुत्र वाटेतल्या खुणांवरून न पाहिलेल्या जनावराचं वर्णन करतात, हे त्याला आवडलं होतं. अचानक दिसणं आणि त्यातलं मर्म ओळखणारी नजर, दोन्ही मिळून सेरेंडिपिटी. पहार पेटीला लागणं हा अर्धाच भाग. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते कलेक्टरला कळवायचं. पेटी उघडून ती गुपचूप मिटवता आली असती. दिवेआगरला तसं झालं नाही, मुखवटा देवळात गेला आणि गावाचं दैन्य फिटलं. हा दुसरा भाग सेरेंडिपिटीतही बसत नाही. तो कमावलेला आहे.

आणि मग २४ मार्च २०१२ च्या पहाटे मुखवटा 'चोरीला गेला'. बघा, मराठी इथे फसवते. 'चोरीला गेला' म्हणजे जणू आपल्या पायांनी गेला. दरोडेखोरांनी देवळाच्या दोन पहारेकऱ्यांना ठार मारलं आणि मुखवटा नेला, असं वाक्य लिहायला हवं. वितळवलेल्या सोन्याबद्दल आपण जितकं बोललो तितकं त्या दोघांबद्दल बोललो नाही. नवा मुखवटा बसला २३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकीला. पहिली संकष्टी आली होती, दुसरी निवडली होती. दोन्ही मला सारख्याच आदराच्या वाटतात, पण त्या एक नव्हेत.

हे सगळं सांगून माझं म्हणणं काय, तर ते 'अपघात' या शब्दाबद्दल आहे. अ‍ॅक्सिडेंट नुसता पडतो. अपघातात 'घात' आहे, म्हणजे वार. वार म्हटला की करणारा आला. शब्द आपल्याला विचारायला सांगतोय आणि आपण तो विचारणं थांबवण्यासाठी वापरतो. पोलीस ठाण्यात 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते. अकस्मात म्हणजे 'कशामुळे' हे ज्यात नाही ते; आणि तपास असतो तो नेमका कशामुळे याचाच. कॅज्युअल लीव्हला शासनाने नैमित्तिक रजा म्हटलं, त्यात निमित्त विचारलेलं आहे. वडखळ-अलिबाग रस्त्यावरून टँकर जातात, त्यांच्या पाठीवर हॅझार्डस असं लिहिलेलं असतं. हॅझार्ड हे मुळात एका फाशांच्या खेळाचं नाव. टँकरच्या व्हॉल्व्हला फासा लागू नाही. तो तपासलेला असतो किंवा नसतो. रस्त्यावर, डोंगराखाली, कारखान्यात काही झालं की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात 'आग लागली', 'दरड कोसळली', 'पूल पडला' येतं. पहिल्या दिवशी तसंच लिहावं, कारण ठाऊक नसताना कोणावर बोट ठेवू नये. पण महिन्याने, वर्षाने, अहवाल आल्यावरही तेच क्रियापद तसंच राहतं, याला माझी हरकत आहे. पायथा कोणी खणला होता ते कळल्यावर दरड नुसती 'कोसळत' नाही.

'रामदास' या बोटीबद्दल आमच्याकडे अपघात म्हणत नाहीत. जुनी माणसं एवढंच म्हणतात, "रामदास बुडाली त्या साली." १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सणाला घरी येणारी माणसं. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ ती कलंडली. लाट आली, लोक एका बाजूला धावले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. गिरगाव-परळपासून अलिबाग-पेणच्या खेड्यांपर्यंत घरं बसली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, मुंबईला बातमी पोचायला दुपार उलटली. लाट पडली होती, हे खरं. पण आषाढातली अमावास्या पंचांगात आधीपासून छापलेली असते, उधाणाचं गणित खलाशाला तोंडपाठ असतं, आणि भर पावसाळ्यात भरलेली बोट बाहेर काढायची की नाही हे लाट ठरवत नाही. म्हणूनच आज जूनपासून ऑगस्टअखेर गेटवे-मांडव्याच्या साध्या लाँच बंद राहतात. गेटवेवर त्या काळात कुलूपबंद तिकीटखिडकी दिसली की मला तो नियम कोणी आणि कशाने लिहिला ते आठवतं.

त्या सकाळी रेवसचे कोळी ताजी मासळी भरून मुंबईच्या बाजाराला निघाले होते. पाण्यात माणसं दिसल्यावर त्यांनी होड्यांतली सगळी मासळी समुद्रात रिकामी केली आणि त्या जागी माणसं घेतली. पुढे कितीतरी वेळ त्या पाण्यावर पापलेटं तरंगत असतील. ती पडलेली नव्हती.